रात्रीचे तीन: आहार, व्यायाम आणि झोप यांच्या प्रकल्प नोंदी

२ जानेवारी २०२५

गेली काही वर्षे मला रात्री तीनच्या सुमारास जाग येते, त्यानंतर बराच वेळ कूस बदलत पडावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्शनच्या टेबलावर व्हर्निअर हातात असतानाच डोळे मिटू लागतात. डिसेंबरमधील कंपनीच्या आरोग्य तपासणीत वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर १०१ सेंटिमीटर आणि रक्तदाब १४४/९२ असा निघाला. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात, म्हणजे मी ती केव्हाच ओलांडली आहे. आहार आणि व्यायाम सुरू करण्याचा सल्ला मिळाला असून तो पाळायचाच आहे. मात्र त्यातील कोणत्या बदलाने झोपेत कोणता फरक पडला, हे वेगवेगळे कळावे यासाठी या नोंदी ठेवत आहे.

पद्धत कामाच्या ठिकाणचीच ठेवली आहे. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, रिजेक्शन (नापास माल) वाढले की वाळू, धातूचे तापमान आणि पॅटर्न या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलायच्या नसतात, नाहीतर सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली ते कधीच उमगत नाही. त्यानुसार पहिला पंधरवडा काहीही न बदलता आहे त्या स्थितीची नोंद होईल आणि नंतर एकेक बदल केला जाईल. अंथरुणाला पाठ टेकल्याची वेळ, डोळा लागल्याचा अंदाज, रात्री किती वेळा जाग आली, उठण्याची वेळ, रात्रीच्या जेवणाची वेळ व पदार्थ, शेवटचा चहा आणि दुपारची पेंग असे रकाने आखले आहेत. घोरण्याचा रकाना पत्नीने भरायचा आहे, कारण त्याची माहिती झोपणाऱ्याला असूच शकत नाही.

मुलाने मनगटी घड्याळ दिले आहे, ते रात्री घालून झोपणार आहे. मात्र त्यातील ‘गाढ झोप’ हा आकडा निर्णयासाठी वापरणार नाही. असे घड्याळ मनगटाची हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून अंदाज बांधते, त्यामुळे निश्चल पडून छताकडे पाहणाऱ्या माणसालाही ते झोपलेला समजू शकते. झोपेचे टप्पे खरोखर ठरवायचे तर मेंदूतील विद्युतलहरी मोजाव्या लागतात.

तुलनेसाठी दोन प्रश्नावल्या घेतल्या आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठात तयार होऊन १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निद्रा-गुणवत्ता निर्देशांकात सात घटक असतात, गुण ० ते २१ असतात आणि ५ पेक्षा अधिक गुण आल्यास झोप चांगली नाही असे समजतात. माझे गुण ११ आले. दुसरी १९९१ सालची एपवर्थ मापनपट्टी मेलबर्नची आहे. वाचत बसलेले असताना, गाडीत बसलेले असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, हे त्यात विचारतात. एकूण गुण २४ असून १० च्या वर गेल्यास दिवसाची पेंग प्रमाणाबाहेर मानली जाते. तेथे माझे गुण १३ आहेत.

१५ जानेवारी २०२५

मूळ स्थितीची नोंद पूर्ण झाली. भोगीची भाजी, बाजरीची लोणी लावलेली भाकरी आणि संक्रांतीचा तिळगूळ या काळात आल्याने पोटावरचा भार थोडा जास्तच होता, पण एरवीची परिस्थिती फारशी वेगळी नसते. रात्रीचे जेवण सव्वादहाच्या आसपास, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात अंथरूण, छातीत जळजळ, झोप लागायला वेळ, तीनला जाग, लघवीला उठणे, पहाटे पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच गजर, असा क्रम जवळपास रोजचा आहे. रविवारी रात्री मटणाचा बेत असतो आणि तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी प्यायला जातो. त्या रात्रीच्या रकान्यात जळजळ ठळक दिसते. पत्नीने घोरण्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘फार’ एवढेच लिहिले आहे.

२० जानेवारी २०२५

पहिला बदल: पदार्थ तेच ठेवून जेवणाची वेळ आठवर आणली. भरल्या पोटी आडवे झाले की जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढणे सोपे जाते. म्हणून जेवण आणि झोप यांत सुमारे तीन तासांचे अंतर ठेवायला सांगतात. घरी यावर बरीच चर्चा झाली, कारण मुलाची शिकवणी साडेआठला सुटते आणि आमच्याकडे सगळ्यांनी एकत्र बसून जेवण्याची रीत आहे. शेवटी मी आठला जेवायचे आणि मुलगा जेवताना त्याच्यासोबत ताकाचा पेला घेऊन बसायचे असे ठरले. मटणाचा बेत रविवारी दुपारी हलवला. हा निर्णय घरातील इतर कोणालाही फारसा रुचला नाही, पण दुपारी रस्सा ताजा मिळतो म्हणून विरोध लवकर मावळला.

२ फेब्रुवारी २०२५

जळजळ जवळपास थांबली आहे. पाठ टेकल्यापासून डोळा लागेपर्यंत पूर्वी पाऊण तास जात असे, आता वीस-पंचवीस मिनिटे लागतात. वजनात नगण्य फरक आहे, तरी झोप लवकर लागू लागली. तेव्हा एवढा भाग निव्वळ वेळेचा आहे असे म्हणता येते. तीनची जाग आहे तशीच आहे.

९ फेब्रुवारी २०२५

दुसरा बदल, जेवणाचे प्रमाण. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात रात्री केवळ काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि सूप एवढ्यावर भागवले, आणि झोपेची पुरती वाट लागली. मध्यरात्रीनंतर पोटात कालवाकालव होऊन जाग येई आणि डोळ्यांपुढे भाकरी दिसू लागे. आईने पहिल्याच दिवशी निकाल सुनावला होता: “अरं, उपाशी पोटी झोप येती व्हय कुठं?” आहारतज्ज्ञाचे म्हणणेही वेगळे नव्हते. रात्री अर्धपोटी झोपायचे नाही, एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची घट्ट डाळ आणि पालेभाजी भरपूर घ्यायची, कपात करायची ती मधल्या खाण्यात, असे त्यांनी सांगितले.

मधले खाणे कागदावर उतरवल्यावर लक्षात आले की कपातीला पुष्कळ वाव आहे. सकाळच्या मिसळीबरोबरचा जादा पाव, चार वाजताची भजी आणि संध्याकाळी कोल्हापुरातल्या गंगावेशीतील दूध कट्ट्यावरचा म्हशीच्या धारोष्ण दुधाचा मोठा पेला. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. आखाड्यात घाम गाळणाऱ्या मल्लाला तो शोभतो, खुर्चीवर बसून कास्टिंग तपासणाऱ्याला नव्हे. तो पेला आता रविवारपुरता ठेवला आहे.

याची उलट बाजूही नोंदवून ठेवतो. झोप अपुरी झाली की भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. ज्या दिवशी रात्र वाईट गेली, त्या दिवशी चार वाजता भज्यांचा मोह अनावर होतो, हे माझ्याही रकान्यांत दिसते.

२३ फेब्रुवारी २०२५

तिसरा बदल, चालणे. सव्वासहाला घर सोडून रंकाळा तलावाच्या काठाने पाऊण तास चालतो. निघताना अंधार असतो. संध्यामठाच्या बाजूने पुढे जाईपर्यंत पाणी राखाडी होते आणि परतताना शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर ऊन आलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा; हे चालणे त्यात बसते.

चालण्याचा परिणाम रात्रीपेक्षा संध्याकाळी आधी जाणवला. साडेनऊ-दहाला आपोआप जांभया येऊ लागल्या आहेत. यात श्रमाइतकाच वाटा सकाळच्या उजेडाचा असावा. डोळ्यांच्या पडद्यावर पडलेल्या उजेडाचा संदेश मेंदूतील एका लहानशा केंद्राकडे जातो आणि शरीराचे दिवस-रात्रीचे चक्र त्यावरून रोज जुळवले जाते. सकाळी उजेड मिळाला की रात्रीची झोपही अलीकडे सरकते. हे चक्र पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. श्रम आणि उजेड यांचे परिणाम मात्र मी वेगळे करू शकलेलो नाही. त्यासाठी काही दिवस संध्याकाळी चालून पाहावे लागेल, आणि रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ आणि कणसांच्या गाड्यांसमोरून रोज कोरडे परतण्याच्या माझ्या निग्रहाबद्दल मला खात्री नाही.

१० मार्च २०२५

चौथा बदल, स्नायूंचा व्यायाम. पेठेतील तालमीचे वस्ताद ओळखीचे आहेत. त्यांनी जोर आणि बैठका अगदी थोड्या संख्येने सुरू करून दिल्या आणि त्याआधी एक प्रश्न विचारला: “झोपतोस किती?” मेहनत, खुराक आणि झोप या तिन्हींत एक जरी कमी पडले तरी उरलेली दोन वाया जातात, असे ते तालमीतल्या पोरांना बजावत असतात, तेथे राहणारी मुले पहाटे चारला उठतात, म्हणून रात्री लवकर दिवा मालवण्याची सक्ती असते. पहिल्या बैठकांनंतर दोन दिवस मांड्या अशा आंबल्या की कूस बदलताना कण्हत जाग येत होती. नवा व्यायाम केल्यावर एक ते तीन दिवस असे दुखणे स्वाभाविक आहे, त्यामुळे त्या रात्री तुलनेतून वगळल्या आहेत. व्यायाम संध्याकाळी सातला होतो. रात्री झोपण्याच्या अगदी तासभर आधी जोरकस व्यायाम केला तर शरीर तापलेले आणि नाडी चढलेली राहून झोप लांबू शकते; सातच्या व्यायामाचा तसा त्रास दिसला नाही.

२३ मार्च २०२५

साडेसहाचा चहा बंद केला. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे त्या कपातील निम्मा ऐवज रात्री साडेअकरालाही अंगात असतो. झोप लागण्याचा वेळ आणखी थोडा कमी झाला. चार वाजताचा चहा ठेवला आहे. तो सोडण्याची सध्या तयारी नाही.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. दुपारी श्रीखंड-पुरी, रात्री नुसती मुगाची खिचडी. वेगळे काही नाही.

६ एप्रिल २०२५

तिमाही हिशेब. वजन ७९.५ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. झोप दहा-पंधरा मिनिटांत लागते, छातीत जळजळ नाही, सकाळी गजराआधी जाग येते. पिट्सबर्ग निर्देशांक ११ वरून ७ वर आला आहे. एपवर्थचे गुण मात्र १३ वरून केवळ १२ झाले आहेत.

या दुसऱ्या आकड्यावर मी बराच विचार केला. झोप लवकर लागते, अंथरुणातील एकूण वेळ वाढला आहे, पोट हलके आहे, अंगाला श्रम आहेत. तरीही दुपारी दोननंतर पेंग येतेच आणि रात्री तीनची जागही गेलेली नाही. लघवीसाठी उठावे लागते म्हणून जाग येते असे मानून मार्चमध्ये संध्याकाळी सातनंतरचे पाणी निम्म्यावर आणले होते, त्यानेही काही हलले नाही. म्हणजे केलेल्या बदलांनी झोपेची सुरुवात सुधारली, पण रात्रीचा उत्तरार्ध एकालाही बधला नाही. कारण एकच असते तर सगळे रकाने थोडेफार एकत्र हलायला हवे होते. येथे एक गट हलला आणि दुसरा जागचा ढळला नाही, त्यामुळे त्याचे कारण वेगळे असणार.

मग पत्नीचा रकाना पहिल्यापासून वाचून काढला. जानेवारीत ‘फार’ लिहिलेले आहे, मार्चमध्ये पुष्कळदा ‘मध्यम’ आहे, पण पहाटेकडील बाजूला एक बारीक फुली वारंवार येते. विचारल्यावर ती म्हणाली, “अहो, घोरता घोरता मधेच तुमचा आवाज बंद होतो. मी अंधारात आकडे मोजते. दहा-पंधरापर्यंत जाते, मग तुम्ही हिसका देऊन श्वास घेता. उताणे झोपलात की जास्त.” झोपेत श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला तर वैद्यकशास्त्रात त्याची गणना श्वासखंड म्हणून होते. तिने मोजलेले आकडे या व्याख्येत बसतात. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

१७ एप्रिल २०२५

डॉक्टरांनी गळ्याचा घेर मोजला, ४१ सेंटिमीटर. जीभ बाहेर काढायला लावून घसा पाहिला आणि घोरणे, दिवसाची पेंग, रक्तदाब, वय हे प्रश्न विचारले. झोपेची तपासणी घरीच करायचे ठरले. काल रात्री तंत्रज्ञ उपकरण लावून गेला. छातीवर एक पट्टा, त्यावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, नाकपुड्यांत श्वासाचा प्रवाह ओळखणारी दुहेरी नळी आणि तर्जनीवर रक्तातील ऑक्सिजन मोजणारा चिमटा. चिमट्याचा लाल दिवा चादरीतूनही दिसत होता. नळी गालावर चिकटपट्टीने बसवली होती आणि कूस बदलताना ती ओढली जाईल या धास्तीने पहिला तास अवघडून गेला, पण नंतर नेहमीसारखी झोप लागली आणि नेहमीसारखी तीनला जागही आली. तपासणीच्या दृष्टीने ते बरेच झाले.

२४ एप्रिल २०२५

अहवाल आला. दर तासाला सरासरी २२ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. हा निर्देशांक ५ ते १५ असल्यास सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. मी मध्यम गटात आहे. ऑक्सिजनची सर्वांत खालची नोंद ८१ टक्के आहे. उताणे असताना प्रमाण अधिक आहे आणि रात्री अडीचनंतर आलेखावर खड्डेच खड्डे दिसतात.

डॉक्टरांनी त्याचे कारण समजावून सांगितले. झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो, तर उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढते, जिच्यात डोळे पापण्यांआड वेगाने हलतात आणि शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडतात. घशाचे स्नायूही त्यात आले. ते सैलावले की आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट मिटते, ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू झोपणाऱ्याला खडबडून जागे करतो. घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरी नसतात, त्यामुळे त्या वेळी स्वप्नांचीच झोप होती असे अहवालावरून सिद्ध होत नाही, पण वेळेचा मेळ बसतो.

लघवीचा प्रश्नही यातच सुटला. मिटलेल्या वाटेतून श्वास ओढण्याच्या धडपडीत छातीतील दाब बदलून हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदयातून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे अधिक पाणी बाहेर टाकू लागतात. संध्याकाळचे पाणी तोडून फरक का पडला नाही, ते आता कळले.

वजन आणखी उतरवून हे जाईल का, असे मी विचारले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घकालीन पाहणीत २००० साली असा अंदाज मांडला गेला की वजन दहा टक्के घटल्यास हा निर्देशांक सरासरी २६ टक्के घटतो. माझ्यापुरता हिशेब केला तर २२ चे सुमारे १६ होतील, म्हणजे तरीही मध्यमच. शिवाय हे २२ वजन साडेचार किलो उतरल्यानंतरचे आहेत. जानेवारीत ते किती होते हे आता कळायला मार्ग नाही. व्यायामाचा उपयोग वजन न घटताही थोडा होतो, म्हणून तो चालूच ठेवायचा आहे, पण तूर्त हवेच्या दाबाचे यंत्र वापरावे लागेल.

११ मे २०२५

यंत्र घरी आले. मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब सतत घशात जातो आणि वाट मिटू देत नाही. १९८१ साली सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत प्रथम मांडली. पहिल्या रात्री नाकाच्या कण्यावर वळ उठला आणि तोंड उघडले की हवा फसकन बाहेर पडत होती. पट्टा सैल करून आणि मुखवटा थोडा वर सरकवून हळूहळू जमू लागले. आईने खोलीत डोकावून “हत्तीची सोंड लावलीस जणू” असे म्हटले आणि ती बराच वेळ हसत राहिली. पत्नीच्या रकान्यात या आठवड्यात प्रथमच काहीही लिहिलेले नाही. तिने सांगितले की सुरुवातीला शांततेमुळेच तिला जाग येत होती.

२८ मे २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला. रंकाळ्यावरचे चालणे वरचेवर बुडते. त्याऐवजी घरात सूर्यनमस्कार आणि बैठका घालतो. वादळी पावसात वीज गेली की यंत्र बंद पडते, आणि ही आपोआप मिळालेली तुलनाच ठरली: वीज नसलेल्या रात्री तीनची जाग परत आली, वीज असलेल्या रात्री ती आली नाही. जेवण, चालणे, चहा या सगळ्या गोष्टी दोन्ही प्रकारच्या रात्रींना सारख्याच होत्या. इन्व्हर्टरची चौकशी केली आहे.

१५ जून २०२५

वजन ७७.८ किलो, कंबर ९३ सेंटिमीटर, गळा ३९.५ सेंटिमीटर, रक्तदाब १३०/८४. पिट्सबर्ग निर्देशांक ५, एपवर्थ ७. दुपारच्या पेंगेचा रकाना बऱ्याच दिवशी कोरा राहतो. रक्तदाबातील घट आहाराची, व्यायामाची की यंत्राची, हे मला वेगळे काढता येत नाही; तिन्हींचा वाटा असू शकतो असे डॉक्टर म्हणाले.

कामावरच्या दोघांनी या नोंदी पाहून रात्रीचे जेवण लवकर करायला सुरुवात केली आहे. त्यांपैकी एकाच्या घरूनही मधेच श्वास थांबत असल्याचे ऐकायला येते, म्हणून त्याला चालण्याच्या जोडीने तपासणी करून घ्यायला सांगितले आहे.

पुढचे काम असे ठरले आहे: जानेवारीच्या तुलनेत वजन दहा टक्के उतरून ७५.६ किलोवर आले आणि तेथे टिकले की तपासणी पुन्हा करायची आणि यंत्राची गरज किती उरली ते पाहायचे. तोवर रात्रीचे जेवण आठला, मटण रविवारी दुपारी आणि घोरण्याचा रकाना पत्नीकडे राहील.